गळकी गच्ची, बारावीची मुलगी आणि गावाकडच्या सासूबाई : एकाच वर्षी तिन्ही निभावताना

ज्या घरात थोरले मूल दहावी-बारावीत आले आहे, धाकटे खेळाच्या मागे आहे, गावाकडे कोणीतरी वडीलधारे आजारी आहे आणि त्यातच छताला ओल धरली आहे, अशा घरातल्या आई-वडिलांसाठी हे लिहीत आहे. मी जळगावात राहते, दिवसभर कार्यालयात असते, यजमान भुसावळला अप-डाऊन करतात आणि सासूबाई अमळनेर तालुक्यातील आमच्या गावी असतात. मुलगी बारावीत आणि मुलगा नववीत असताना आम्ही गच्चीचे कामही करून घेतले. ते वर्ष बऱ्यापैकी सुरळीत गेले, याचे कारण त्याआधी मुलगी दहावीत असताना आमची जी तारांबळ उडाली होती, ती पुन्हा अनुभवायची माझी तयारी नव्हती.

त्या वर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी स्वयंपाकघराचा ओटा फोडायला काढला. मिस्त्रींनी आठ दिवसांत ओटा हाती देतो असे सांगितले होते आणि मी ते खरे मानले. सिंकसाठी कापलेले भोक अर्ध्या इंचाने चुकले, दगड परत गेला, नळजोडणी करणारा दुसऱ्या कामावर गेला आणि आठ दिवसांचे पाच आठवडे झाले. टाइल कापण्याचे यंत्र सुरू झाले की मुलगी पुस्तक घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसे, ओढणी कानांवरून घट्ट बांधून. तिच्या विज्ञानाच्या जर्नलच्या पानांवर बसलेली बारीक पांढरी भुकटी आजही झटकली तर पडते. याच पाच आठवड्यांत एका रात्री गावाहून फोन आला की सासूबाई चक्कर येऊन अंगणात पडल्या आहेत, आणि दुसऱ्या दिवशी मुलीचा सराव परीक्षेचा पेपर होता. यात वेळ पुरला नाही असे मी म्हणणार नाही, कारण वेळ कोणालाच पुरत नाही. ओट्याचे काम नोव्हेंबरमध्ये होऊ शकले असते आणि सासूबाईंची तपासणी डिसेंबरमध्येच व्हायला हवी होती. तीनही गोष्टी एका महिन्यात येऊ दिल्या, ही चूक माझी होती.

पहिली पायरी : न हलणाऱ्या तारखा लाल पेनाने लिहा

शाळा सुरू झाली की जूनमधल्या एखाद्या संध्याकाळी भिंतीवरचे कालनिर्णय खाली उतरवावे, पुढच्या जानेवारी ते जूनसाठी आखीव कागदाची सहा पाने त्याला टाचावीत आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून तारखा लिहाव्यात. ज्या तारखा आपल्या हातात नाहीत त्या लाल, आणि ज्या आपण ठरवतो त्या निळ्या. निळी तारीख लाल तारखेला धडकली की निळी हलते, यावर त्याच संध्याकाळी सगळ्यांचा होकार घ्यावा. नंतर वाद घालायला कोणाकडेच सवड राहत नाही.

लाल तारखांच्या बाबतीत नव्या पालकांचे दोन समज बहुधा चुकीचे निघतात. पहिला समज असा की बोर्डाची परीक्षा म्हणजे फेब्रुवारीअखेर आणि मार्च. २०२५ मध्ये बारावीची लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीला आणि दहावीची २१ फेब्रुवारीला सुरू झाली, म्हणजे आपल्या अंदाजापेक्षा आठ-दहा दिवस आधी, आणि बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा तर जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातच सुरू झाल्या होत्या. त्यामुळे मूल दहावी-बारावीत असेल तर १ जानेवारीपासूनचा काळ सरसकट लाल धरावा आणि नेमके दिवस मंडळाचे वेळापत्रक जाहीर झाल्यावर शाळेकडून घेऊन लिहावेत. दुसरा समज असा की बोर्ड संपले की सुटलो. बारावी विज्ञानाच्या मुलांसाठी जेईई मेनचे एक सत्र जानेवारीत आणि दुसरे एप्रिलमध्ये असते, राज्याची सीईटी एप्रिलच्या आसपास येते आणि वैद्यकीयची नीट मे महिन्याच्या पहिल्या रविवारी घेण्याचा प्रघात आहे. २०२५ मध्ये ती ४ मे रोजी झाली. म्हणजे बारावीच्या घरात लाल शाई थेट आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, कधी तिच्याही पुढे जाते.

आपल्याकडच्या सणांनाही या कागदावर जागा द्यावी लागते. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, रोटांसाठी, म्हणजे तिच्या नैवेद्यासाठी, भाऊबंद एका ठिकाणी जमतात आणि ज्यांच्या घरी रोट असतात त्या घरातली बाई त्या आठवड्यात दुसऱ्या कशालाही हात लावू शकत नाही. आखाजीला नणंदा माहेरी येतात. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्याच्या पायथ्याशी भोंगऱ्या बाजार भरतात, आणि गवंड्याच्या हाताखाली काम करणारी पावरा-भिल्ल मंडळी तेव्हा आपापल्या गावी जातात. आमचे एक काम एकदा रेंगाळले ते याच कारणाने, आणि त्यात त्यांचे काहीही चुकले नव्हते. त्यांच्या वर्षाचा तो सर्वांत मोठा सण, मी कागदावर लिहिला नव्हता एवढेच.

दुसरी पायरी : घराचे काम कोणत्या महिन्यात बसते ते आधी ठरवा, मिस्त्री नंतर

घराच्या कामाला खान्देशात वर्षातून दोनच खिडक्या मिळतात. एक दिवाळीनंतर डिसेंबरच्या मध्यापर्यंत आणि दुसरी परीक्षा संपल्यापासून मृगाच्या सरी येईपर्यंत. कानबाईच्या आधी घराला रंग देण्याची रीत आहे आणि ती मोडा असे मी सांगणार नाही, पण आषाढात भिंती ओल्या असतात आणि त्या वेळी दिलेला रंग दिवाळीपर्यंत पापुद्रे धरतो. देवीची स्थापना होते ती भिंत आणि समोरची ओटी उजळून घ्यावी, बाकीचे घर धुऊन-पुसून स्वच्छ करावे आणि मोठी रंगरंगोटी नोव्हेंबरपर्यंत थांबवावी.

गच्चीचे काम बहुतेक लोक मे महिन्यात काढतात, कारण पावसाळा तोंडावर आल्यावरच गळती आठवते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर असतो. अशा उन्हात कोब्याचा थर दुपारपर्यंत वरून कोरडा पडतो आणि केसासारख्या भेगा पडतात, ज्यांतून पुढे पाणी झिरपते. शिवाय मार्च-एप्रिलमध्ये गच्चीवर कुरडया, बिबडे आणि पापड वाळत असतात. आमच्या घरी एकदा जुना कोबा खणायला माणसे वर आली तेव्हा सासूबाईंनी पसरलेल्या ज्वारीच्या बिबड्यांची तीन लुगडी तिथेच होती. त्यांनी मिस्त्रींना दोन दिवस थांबायला लावले आणि माझ्या मते ते योग्यच केले, पण त्या दोन दिवसांत मिस्त्रींनी दुसरे काम धरले आणि आमचे राहून गेले. त्यामुळे बारावीच्या वर्षी गच्ची दिवाळीनंतरच्या खिडकीतच बसवावी असे माझे ठाम मत झाले आहे. तेव्हा ऊन सौम्य असते, गच्ची मोकळी असते, स्लॅबमधली पावसाळी ओल बरीचशी निघून गेलेली असते. अडचण एकच की तो कापूस वेचणीचा हंगाम असतो आणि खेड्यातून येणारे मजूर शेतात गुंतलेले असतात. म्हणून मिस्त्रींशी बोलणी गणपतीच्या सुमारास करून, कामाची तारीख आणि माणसांची संख्या तेव्हाच पक्की करावी.

मिस्त्रींना बोलावण्याआधी पावसाळ्यात एक काम स्वतः करायचे असते. ज्या दिवशी चांगला दोन-तीन तास पाऊस पडेल, त्या दिवशी घरातल्या छताची ओल कुठपर्यंत आली आहे तिची कड खडूने आखून शेजारी तारीख लिहावी. पुढच्या मोठ्या पावसात ती कड किती सरकली ते कळते. पाऊस थांबल्यानंतरही ओल वाढत असेल, किंवा पाऊस नसताना टाकी भरली की वाढत असेल, तर दोष गच्चीचा नसून नळाच्या पाइपचा किंवा वरच्या न्हाणीघराचा असू शकतो, आणि मग सगळी गच्ची फोडण्याची गरजच उरत नाही. आमच्या शेजारी एका घराने गच्चीवर मोठा खर्च केला आणि गळती निघाली ती टाकीच्या जोडणीतून.

माल किती लागेल याचा ढोबळ हिशोब स्वतःला करता यायला हवा. ६०० चौरस फुटांच्या गच्चीवर सरासरी २ इंचांचा थर म्हणजे १०० घनफूट, म्हणजे बरोबर एक ब्रास. उताराचे प्रमाण शंभराला एक धरले तर दर १० फुटांमागे साधारण सव्वा इंच उतार पन्हाळीकडे यायला हवा. मिस्त्री नजरेने उतार काढतात, तरी आपण दोरी आणि पाण्याची लेव्हल नळी लावून पाहण्याचा आग्रह धरावा. सिमेंटच्या गोणीवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते. तीन महिन्यांपेक्षा जुने सिमेंट घेऊ नये आणि स्वस्त मिळाले म्हणून आणून पावसाळाभर जिन्याखाली ठेवू नये, कारण दमट हवेत गोणी आतून गड्डा होते.

थर घातल्यानंतरचे पाणी हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग आहे. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, आणि हल्ली बहुतेक ठिकाणी मिळणाऱ्या राखमिश्रित सिमेंटला किमान १० दिवस, उष्ण-कोरड्या हवेत १४ दिवस थर ओला राहिला पाहिजे. ज्या शहरांत नळाला दोन-तीन दिवसांआड पाणी येते तिथे हे सांगणे सोपे आणि करणे अवघड आहे. म्हणून गच्चीवर मातीची छोटी आळी करून त्यांत पाणी साठवावे आणि उभ्या भागांवर ओले गोणपाट टाकावे. असे केल्याने दिवसातून चार वेळा पाइप धरून उभे राहावे लागत नाही. काम पूर्ण झाल्यावर पन्हाळी बंद करून गच्चीत २ इंच पाणी किमान २४ तास, जमल्यास ४८ तास उभे करून पाहावे. ६०० चौरस फुटांसाठी हे पाणी सुमारे २,८०० लिटर होते, तेव्हा ही परीक्षा पाण्याच्या दिवसालाच धरून ठेवावी, नाहीतर टँकर मागवावा लागतो.

मिस्त्रींबरोबरचा व्यवहार तोंडी ठेवू नये. वहीच्या एका पानावर काम कोणते, माल कोण आणणार, राडारोडा कोण उचलणार, रोजचा वेळ काय आणि पैसे कोणत्या टप्प्याला किती, एवढे लिहून दोघांनी सही केली तरी बरेच वाद टळतात. पैसे चार टप्प्यांत द्यावेत: थोडे सुरुवातीला, मोठा भाग थर पूर्ण झाल्यावर, पुढचा पाणी उभे करून पाहिल्यावर, आणि एक लहानशी रक्कम पहिला मोठा पाऊस होईपर्यंत राखून ठेवावी. शेवटच्या अटीला मिस्त्री कुरकुर करतात, पण ज्यांचा स्वतःच्या कामावर भरवसा असतो ते मान्य करतात, आणि जे अजिबात तयार होत नाहीत त्यांच्याबद्दल आपल्याला आधीच थोडे कळून जाते.

नव्या गिलाव्यावर रंगाची घाई नको. पाणी मारून झाल्यावर महिनाभर भिंत वाळू द्यावी.

घराच्या कामातच आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती उन्हाळ्यात जिवावर बेतते. आपल्याकडे घरोघरी लोखंडी पत्र्याचे कूलर असतात आणि त्यांत पाणी भरण्याचे काम बहुधा मुलांकडे असते. वायरिंगवाला घरी आलेलाच असेल तर कूलरच्या प्लगचे अर्थिंग तपासून घ्यावे, मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा आपोआप तोडणारे बटण) बसवून घ्यावे, आणि प्लग काढल्याशिवाय कूलरला हात लावायचा नाही हा नियम मुलांकडून रोज पाळून घ्यावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नसते, कारण जुन्या घरांत बटण कधी कधी न्यूट्रलवर जोडलेले असते आणि ते बंद केले तरी कूलरपर्यंत वीज येतच राहते.

तिसरी पायरी : गावाकडच्या माणसाची काळजी फोनवर सोडू नका

माझ्या सासूबाईंना मी रोज फोन करून गोळी घेतली का असे विचारत असे आणि त्या रोज हो म्हणत. अंगणात पडल्या त्यानंतर त्यांचा डबा पाहिला तर रक्तदाबाच्या गोळ्या सुईदोऱ्याच्या कात्रीने अर्ध्या केलेल्या होत्या आणि त्या अर्ध्या गोळ्याही दिवसाआड घेतल्या जात होत्या, म्हणजे महिन्याची पाकिटे चार महिने पुरत होती. विचारले तर म्हणाल्या, “माले काही व्हयेल नही, मी बरी शे.” त्यांना त्यात बचत दिसत होती. तेव्हापासून मी गोळी घेतली का असे विचारत नाही, पाकिटात किती उरल्या ते विचारते, आणि महिन्याची गोळी महिन्यातच संपली पाहिजे एवढे बघते. गोळीची पाकिटे नाव आणि मुदत छापलेल्या बाजूने कापू नयेत हे मात्र त्यांना एकदा समोर बसून दाखवावे लागले.

जूनमधल्या त्या बैठकीत वडीलधाऱ्यांच्या तपासण्यांच्या तारखा निळ्या पेनाने, पण लाल तारखांपासून दूर लिहाव्यात. आमची पद्धत अशी आहे की एक तपासणी पोळ्याच्या सुमारास आणि एक डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात होते, म्हणजे जानेवारी ते मार्च या काळात निदान टाळता येण्यासारखी धावपळ येत नाही. त्या वेळी सगळे कागद एका फाइलमध्ये असावेत: जुने रिपोर्ट तारखेच्या क्रमाने, चालू औषधांची एकच यादी, ॲलर्जी असल्यास ठळक अक्षरांत, आधारची प्रत आणि दोन नातेवाइकांचे फोन. या फाइलची एक प्रत गावी भिंतीवरच्या पिशवीत आणि एक आपल्याकडे ठेवावी. रक्तदाब मोजायचे यंत्र घरी असेल तर पाच मिनिटे शांत बसल्यावर, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून, एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावा आणि वहीत लिहावा. पाणी शेंदून आल्याबरोबर मोजलेला आकडा डॉक्टरांच्या उपयोगाचा नसतो.

तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही अचानक दिसले तर तो लकवा समजून लगेच हलवावे. मेंदूतील रक्ताची गाठ विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि खेड्यातून शहरात पोहोचण्यातच त्यातला मोठा भाग जातो. सकाळपर्यंत वाट पाहू, अंगारा लावू, तेल चोळू, यात तास घालवू नयेत. १०८ ला फोन करावा, आणि ज्यांच्या दारात गाडी आहे अशा गावातल्या दोन घरांशी आधीच बोलून ठेवावे. एप्रिल-मेमध्ये उन्हाचा त्रास वेगळा. म्हातारी माणसे तहान लागली नाही म्हणून पाणी पीत नाहीत, आणि मातीच्या धाब्याच्या घरात गारवा असतो म्हणून आपणही निर्धास्त राहतो, पण दुपारी शेतावर चक्कर मारण्याची सवय त्यांची सुटत नाही.

पैशाच्या बाजूने दोन सोयी लगेच करून घ्याव्यात. वय ७० पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारत योजनेचे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे कार्ड काढता येते. आजारपण आल्यावर धावण्यापेक्षा ते आधी काढून फाइलमध्ये ठेवावे. एसटीत ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत आणि ६५ ते ७५ या वयात निम्म्या भाड्यात प्रवास आहे, महिलांना तर मार्च २०२३ पासून अर्धे भाडे आहेच. त्यामुळे ठरलेल्या तपासणीला त्या एसटीने येऊ शकतात, आपल्याला रजा टाकून गाडी घेऊन जावे लागत नाही.

भावंडांमध्ये कोणी काय करायचे हे आखाजीला ठरवावे, कारण तेव्हा नणंदा घरी असतात आणि झोका, गाणी, पुरणपोळी यांमुळे मने मोकळी असतात. आमच्या धाकट्या नणंदबाईंनी महिन्यातून एक रविवार गावी जाण्याचे आपणहून मान्य केले ते अशाच एका दुपारी. हेच बोलणे फोनवर काढले असते तर ते हिशोब मागितल्यासारखे वाटले असते.

चौथी पायरी : मुलांच्या धावपळीतले काय ठेवायचे ते मुलांसमोर ठरवा

शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांत तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य या क्रमाने होतात आणि त्यांचा मुख्य काळ पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंतचा असतो. म्हणजे खेळणाऱ्या मुलाचा गर्दीचा हंगाम आणि गच्चीच्या कामाची खिडकी एकमेकांवर येते. माझा मुलगा खो-खो खेळतो. विभागीय सामन्यासाठी त्याला नाशिक विभागातल्या दुसऱ्या जिल्ह्यात सोडायला जायचे आणि त्याच दिवशी घरी कोबा घालायचा, असा प्रसंग आला तेव्हा आम्ही कोबा दोन दिवस पुढे ढकलला. सामन्याची तारीख आमच्या कागदावर लाल होती. खेळाचे प्रमाणपत्र घरी आले की त्याच दिवशी त्याची प्रत काढून फाइलला लावावी, कारण दहावी-बारावीत खेळाच्या वाढीव गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो आणि ऐनवेळी मूळ प्रमाणपत्र सापडत नाही. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या श्रेणीलाही दहावीत वाढीव गुण असतात, म्हणून ती परीक्षा नववीपर्यंत उरकलेली बरी.

क्लासला मूल कशाने जाणार हा प्रश्न बहुतेक घरांत ‘घेऊन जा स्कूटी, इथेच तर जायचे आहे’ असा सुटतो. तो तसा सोडवू नये. गिअर असलेली किंवा ५० सीसीहून मोठी दुचाकी १८ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय चालवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या मुलाला २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी महामार्गावरचे ट्रक आणि केळीच्या गाड्या पाहून मला ते धाडस होत नाही. आमच्या गल्लीतल्या चार घरांनी रिक्षा ठरवली आणि रात्रीच्या क्लासला आळीपाळीने एक वडील सोबत जातात, यावर आमचा प्रश्न सुटला.

कागदपत्रांची बाजू पालकांनीच उचलावी. रहिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेअर, उत्पन्नाचा दाखला यांसाठी जूनमध्ये सेतू केंद्रांवर रांगा लागतात, म्हणून जे आधी काढता येते ते दिवाळीच्या सुट्टीत काढावे. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, तो मात्र एप्रिलनंतर नव्याने घ्यावा लागतो. व्यावसायिक अभ्यासक्रमाला आरक्षणातून जायचे असेल तर जात पडताळणीचा अर्ज बारावीच्या वर्षातच महाविद्यालयामार्फत करावा. त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेचे दाखले किंवा जुने महसुली उतारे लागतात, आणि ते शोधायला गावीच जावे लागते. पोळ्याच्या तपासणीला गेलो तेव्हाच आम्ही ते काम जोडून घेतले.

अभ्यास कसा घ्यावा हे मी सांगणार नाही, ते शिक्षकांचे काम. एवढेच सांगते की या वयात मुलांना आठ तासांची झोप लागते आणि घरात पाहुणे, मिस्त्री किंवा आजारपण असले की पहिली तीच कापली जाते. मूल गप्प झाले, जेवण तोडले, आवडता खेळ सोडून दिला, तर परीक्षेचा ताण म्हणून सोडून देऊ नये. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत.

पाचवी पायरी : रविवारची पंधरा मिनिटे

रविवारी रात्री जेवण झाल्यावर येत्या सात दिवसांचा कागद फ्रिजवर लावावा. त्यावर चार गोष्टी पुरतात: पाण्याचा दिवस कोणता, मिस्त्री किंवा वायरमन आला तर घरी कोण, मुलांना कुठे आणि कोणासोबत जायचे, आणि गावी फोन कोण करणार. आमच्याकडे मोटार लावण्याचे आणि आळ्यांत पाणी भरण्याचे काम मुलाकडे होते. पहिल्या आठवड्यात तो दोनदा विसरला, तेव्हा मी स्वतः वर जाऊन पाणी घातले आणि तीच माझी चूक होती, कारण तिसऱ्यांदा त्याने विसरण्याची सोय असल्यासारखेच वागून दाखवले. मग मी जाणे बंद केले. एक कोपरा एका सकाळी कोरडा पडला, मिस्त्रींनी त्याला समोर उभे करून ती बारीक भेग दाखवली, आणि पुढचे नऊ दिवस तो शाळेत जाण्याआधी वर जाऊन येत होता. बारावीच्या मुलीकडे आम्ही जानेवारीपासून कोणतेही काम ठेवले नाही, पण दिवाळीपर्यंत आजीच्या औषधांची यादी तीच लिहीत असे, आणि तिचे अक्षर चांगले असल्याने ती यादी अजून बदललेली नाही.

पैशांचे तीन डबे वेगळे ठेवावेत, निदान वहीत तरी. गच्चीचा खर्च ठरल्यापेक्षा वाढतोच, आणि वाढलेला भाग आजारपणासाठी ठेवलेल्या पैशांतून काढण्याचा मोह होतो. तसे करण्यापेक्षा रंग पुढच्या वर्षावर टाकावा.

मृगाच्या सुमारास पहिला जोराचा पाऊस येईल तेव्हा बॅटरी घेऊन गच्चीवर जावे, पन्हाळीच्या तोंडाशी पालापाचोळा किंवा सिमेंटचा खडा अडकला आहे का ते पाहावे आणि पाणी कुठे थबकते ती जागा खडूने आखावी. मग खाली येऊन मागच्या वर्षी छतावर आखलेल्या कडेवरून तळहात फिरवावा. हाताला गार लागले तर मिस्त्रींना त्याच दिवशी बोलवावे, आणि कोरडे लागले तर राखून ठेवलेली रक्कम दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी नेऊन द्यावी.